गाठ, नाडी आणि पेशी : त्वचेच्या कर्करोगातील ऊतिविघटक विकरे व त्यांची परिभाषा

त्वचेचा कर्करोग एका जागी राहतो की शरीरात इतरत्र पोहोचतो, हे ठरवणाऱ्या घटनांपैकी पहिली घटना अत्यंत सूक्ष्म असते. त्वचेच्या वरच्या थराखाली असलेले एक पातळ पटल भेदले जाते आणि वरच्या थरातील पेशी खालच्या थरात उतरतात. हे भेदन ज्या द्रव्यांच्या साहाय्याने होते, त्यांना ऊतिविघटक विकरे असे म्हणता येईल. या विकरांचे कार्य समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. त्या कार्याचे वर्णन करताना वैद्यकाने कोणती रूपके वापरली आणि मराठी व हिंदी या दोन शेजारभाषांनी त्यासाठी कोणती परिभाषा घडवली, याचा विचार करणे हा दुसरा. हा विषय साहित्याभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु एखादे रूपक संशोधनाची अपेक्षा कशी घडवते आणि एकाच शब्दाच्या दोन भाषांतील दोन अर्थांमुळे रुग्णापर्यंत पोहोचणारे ज्ञान कसे बदलते, हे प्रश्न तौलनिक अभ्यासाचेच आहेत. जबलपूरसारख्या शहरात, जिथे मराठी घरात बोलली जाते आणि दवाखान्यात हिंदी, तिथे ते केवळ सैद्धांतिक राहत नाहीत.

१. वस्त्र आणि व्रण

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश नियतकालिकात दोन भारतीय स्त्रियांच्या आजाराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे डॉक्टर वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयातील होते. पहिली स्त्री ७० वर्षांची होती. तिच्या कमरेच्या उजव्या बाजूला सुमारे १८ महिने न भरणारी, दुखरी जखम होती आणि भोवतालच्या त्वचेचा रंग उडालेला होता. परकराची नाडी ती वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधत आली होती. दुसरी स्त्री साठीच्या उत्तरार्धातील होती. तिने परकर न वापरता सुमारे ४० वर्षे रोज लुगडे नेसले होते आणि तिच्या कमरेवरची जखम दोन वर्षे भरली नव्हती. तपासणीत दोघींच्याही जखमेत कर्करोग आढळला. पण दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील एका लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचलेला होता.

वृत्तपत्रांनी या आजाराला ‘पेटीकोट कॅन्सर’ हे नाव देऊन नवलाची बातमी केली. वास्तविक भारतीय वैद्यकाला हा प्रकार नवा नव्हता. आधुनिक भारतीय विकृतिशास्त्राचे प्रवर्तक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करीत असताना, १९४५ मध्ये, सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला होता. कर्करोग आणि लोकांच्या चालीरीती यांचा संबंध हा त्याचा विषय होता आणि भारतातील तीन नव्या प्रकारांचे वर्णन त्यात होते. त्यांपैकी एक होता धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर उद्भवणारा त्वचेचा कर्करोग. त्याही आधी, १८६६ मध्ये, काश्मीरमध्ये काम करणारे मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी पोटाशी कांगडी धरणाऱ्या लोकांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. धोतर, लुगडे, परकर आणि कांगडी या वस्तू एकमेकींपासून दूर आहेत. त्यांत समान आहे ती एकच गोष्ट : त्वचेच्या त्याच जागेला वर्षानुवर्षे होणारा घर्षणाचा किंवा उष्णतेचा उपद्रव.

वर्ध्याचा हा वृत्तांत जबलपूरच्या वाचकाला परका नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि वर्धा ही एकाच प्रांतातील, नागपूर या एकाच राजधानीशी बांधलेली ठिकाणे होती. १ नोव्हेंबर १९५६ नंतर वर्धा मराठी राज्यव्यवस्थेकडे गेले आणि जबलपूर हिंदी प्रदेशात राहिले. नऊवारी नेसण्याची रीत, तिची गाठ आणि तिचे व्रण यांना मात्र ही सीमा ठाऊक नव्हती.

दोन स्त्रियांपैकी एकीचा आजार कमरेवरच का राहिला आणि दुसरीचा जांघेपर्यंत का पोहोचला? त्या दोघींच्या शरीरातील विकरांचे मोजमाप हा उपर्युक्त वृत्तांताचा विषय नव्हता. परंतु असा प्रवास कोणत्या यंत्रणेने घडतो, याचे उत्तर गेल्या सहा दशकांतील संशोधनातून बऱ्याच अंशी मिळाले आहे.

२. ऊती : विणलेली वस्तू

मराठीत पेशींच्या संघटित समूहाला ‘ऊती’ म्हणतात. संस्कृतमध्ये ‘वे’ म्हणजे विणणे आणि ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ‘ओतप्रोत’ हा आपला नेहमीचा शब्दही उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीवरूनच आला आहे. इंग्रजीतील ‘टिश्यू’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधील विणणे या अर्थाच्या धातूपासून आला आणि ‘टेक्स्ट’ हा शब्दही त्याच धातूचा. ऊतिशास्त्राला युरोपीय भाषांत जे ‘हिस्टॉलॉजी’ हे नाव आहे त्याच्या मुळाशी माग हा ग्रीक अर्थ आहे. म्हणजे शरीर आणि संहिता या दोहोंकडे पाहताना विणकामाची कल्पना दोन भिन्न भाषाकुळांतील लोकांना नव्हे, तर एकाच विस्तृत भाषाकुळाच्या दोन टोकांना सुचली. त्वचेच्या बाबतीत ही कल्पना अलंकारिक नाही, ती जवळजवळ वस्तुस्थितीचे वर्णन आहे.

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, हा दाटीने रचलेल्या पेशींचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. खालचा थर, म्हणजे अंतस्त्वचा, हा मुख्यतः तंतूंचा असतो. त्यात रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, मज्जातंतूंची टोके आणि तंतू तयार करणाऱ्या तुरळक पेशी असतात. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. कोलॅजनच्या एका रेणूत तीन साखळ्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात. हा पीळ इतका घट्ट असतो की अन्न पचवणारी सामान्य विकरे त्यावर फारशी चालत नाहीत. त्वचा ताणली तरी फाटत नाही याचे मुख्य कारण हेच.

दोन थरांच्या सीमेवर आधारपटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास असते. ते चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचे आणि लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. हे कोलॅजन दोरीसारखे नसून जाळीसारखे असते. वरच्या थरातील पेशी या जाळीवर उभ्या असतात आणि निरोगी अवस्थेत ती ओलांडत नाहीत. वरच्या थरातील पेशींनी कितीही अनियंत्रित वाढ केली, तरी आधारपटल अखंड आहे तोवर त्यांना रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनी गाठता येत नाही. अशा अवस्थेतील विकार शस्त्रक्रियेने काढून टाकला की सामान्यतः प्रश्न संपतो. पटल भेदले गेले की मात्र त्याच पेशींच्या समूहाला वैद्यक वेगळे नाव देते आणि रुग्णाचे भवितव्य वेगळे होते.

मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगात ही गोष्ट अंकांत दिसते. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क यांनी कर्करोग त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरला आहे यावरून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी थेट मिलिमीटरांत खोली मोजण्याची पद्धत दिली. आजही मेलॅनोमाची अवस्था ठरवताना १, २ आणि ४ मिलिमीटर या सीमारेषा वापरल्या जातात. पृष्ठभागावर कितीही पसरलेला डाग उथळ असेल तर तो तुलनेने सौम्य ठरतो. लहान पण खोल डाग धोक्याचा ठरतो. भारतीयांमध्ये मेलॅनोमा विरळ आहे. आढळतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखालील त्वचेत, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी आढळतो. त्यामुळे तो उशिरा लक्षात येतो आणि तोवर खोली वाढलेली असते.

३. बेडकाच्या पिलाची शेपटी

कोलॅजनचा घट्ट पीळ शरीर स्वतः कसा उलगडते, या प्रश्नाचे उत्तर कर्करोगाच्या अभ्यासातून आले नाही. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या संशोधकांनी बेडकाच्या पिलाच्या शेपटीचा अभ्यास केला. पिलाचे रूपांतर प्रौढ बेडकात होताना शेपटी गळून पडत नाही, ती विरघळून शरीरात शोषली जाते. शेपटीत कोलॅजन भरपूर असते. ते नाहीसे होते, याचा अर्थ ते तोडणारे काहीतरी तिथे असलेच पाहिजे. शेपटीच्या ऊतीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवल्यावर त्यांच्याभोवतीचा थर विरघळू लागला. प्राण्यांच्या शरीरातील कोलॅजनविघटक विकराचे हे पहिले स्पष्ट दर्शन होते.

पुढे अशा विकरांचे एक मोठे कुटुंबच सापडले. त्यांच्या क्रियाशील भागात जस्ताचा एक अणू असतो आणि ती पेशींच्या बाहेरील चौकटीवर काम करतात, म्हणून त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, संक्षेपाने एमएमपी, असे नाव मिळाले. माणसात अशी २३ विकरे आहेत. त्यांच्या कामाची विभागणी ठळक आहे. एमएमपी-१ सारखी विकरे कोलॅजनच्या पिळाला एका ठरावीक ठिकाणी छेद देतात. त्यामुळे रेणूचे तीन-चतुर्थांश आणि एक-चतुर्थांश असे दोन तुकडे होतात. छेद मिळाल्यावर हे तुकडे शरीराच्या उष्णतेनेच सैल होतात. सैल झालेले तुकडे आणि आधारपटलाची जाळी तोडण्याचे काम मुख्यतः एमएमपी-२ आणि एमएमपी-९ करतात. यांच्या जोडीला रक्तातील प्लाझ्मिनसारखी दुसऱ्या कुळातील विकरेही असतात. ती काही एमएमपींना जागे करतात आणि तंतूंची इतर द्रव्ये तोडतात.

इतकी विध्वंसक शक्ती मोकळी सोडणे शरीराला परवडणारे नाही. म्हणून ही विकरे निष्क्रिय रूपात तयार होतात. त्यांच्याच साखळीचा एक भाग जस्ताच्या अणूवर झाकणासारखा बसलेला असतो. तो दूर झाल्यावरच विकर कामाला लागते. याखेरीज टिंप या नावाने ओळखले जाणारे चार प्रतिबंधक रेणू शरीरात असतात. येथे एक लक्षणीय विरोधाभास आहे. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेली एक एमएमपी शोधली. ती एमएमपी-२ ला सक्रिय करते, पण त्यासाठी तिला टिंप-२ या प्रतिबंधकाचीच थोड्या प्रमाणात गरज लागते. प्रतिबंधकाचा रेणू मधल्या दुव्यासारखा राहून दोन विकरांना एकत्र आणतो. तो प्रमाणाबाहेर असेल तर काम थांबते आणि बेताचा असेल तर काम सुरू होते. त्यामुळे या व्यवस्थेत मित्र आणि शत्रू अशी कायमची विभागणी करता येत नाही.

निरोगी शरीरात या विकरांवाचून चालत नाही. गर्भाची घडण, हाडांची वाढ, मासिक पाळी, प्रसूतीनंतर गर्भाशयाचे आकुंचन आणि जखम भरणे या सर्व प्रसंगी जुनी वीण उसवून नवी घालावी लागते. उसवण्याचे काम हीच विकरे करतात.

४. न भरणारी जखम

आता कमरेच्या जखमेकडे वळता येते. त्वचेला छेद गेला की कडेच्या पेशी सुट्या होतात, विकरे निर्माण करतात, खालच्या तंतूंमधून वाट काढीत जखमेवर सरकतात आणि दोन्ही कडा जुळल्यावर थांबतात. विकरांची पातळी खाली येते आणि नवे आधारपटल तयार होते. गाठ किंवा नाडी रोज त्याच जागी घासत राहिली तर हे शेवटचे पाऊल पडत नाही. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांमध्ये एमएमपींचे प्रमाण वाढलेले आणि टिंपचे प्रमाण घटलेले आढळते. दाहाच्या पेशी सतत येत राहतात. दुरुस्तीसाठी पेशींचे विभाजन वर्षानुवर्षे चालू राहते आणि प्रत्येक विभाजनासोबत जनुकीय चुकांची शक्यता साठत जाते. व्रणाच्या कठीण ऊतीत रक्तपुरवठा आणि लसिकावाहिन्या कमी असतात, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींची नजरही तेथे कमी पोहोचते.

अशा जुन्या व्रणात उद्भवणाऱ्या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद झां-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये जुन्या व्रणांचे वर्णन केले होते. वर्धा-मधुबनीच्या वृत्तांतातील दोन्ही स्त्रियांचे निदान हेच होते. हा कर्करोग बहुधा स्क्वॅमस, म्हणजे शल्की, पेशींचा असतो आणि उन्हामुळे होणाऱ्या त्याच जातीच्या कर्करोगापेक्षा तो दूर पसरण्याची शक्यता अधिक असते. लसिकावाहिन्यांच्या सूक्ष्म टोकांना सलग आधारपटल नसते. म्हणून अंतस्त्वचेत उतरलेल्या पेशींना रक्तवाहिनीपेक्षा लसिकावाहिनीत शिरणे सोपे जाते आणि पहिला मुक्काम जांघेतील ग्रंथीत होतो.

हार्वर्डचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कर्करोगाच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले. कर्करोग नव्या यंत्रणा शोधून काढत नाही, जखम भरण्याची यंत्रणाच तो न थांबता वापरत राहतो, हा त्यांचा मुद्दा होता. मार्जोलिनच्या व्रणात तर या विधानातील उपमान आणि उपमेय एकरूप होतात. जखम हीच गाठ होते.

५. आक्रमणाचे रूपक

वैद्यकीय इंग्रजीत आधारपटल ओलांडण्याच्या क्रियेला आक्रमण या अर्थाचा शब्द आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला आणि कर्करोगाविरुद्धचे युद्ध ही भाषा रूढ झाली. सूझन सॉंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात या युद्धभाषेवर टीका केली. रूपकांचे ओझे रुग्णावर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. विकरांच्या अभ्यासाचा इतिहास पाहता आणखी एक गोष्ट दिसते. हे ओझे प्रयोगशाळेवरही पडते.

१९८० मध्ये लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरांतील ज्या गाठी अधिक पसरतात, त्या आधारपटलातील कोलॅजन अधिक प्रमाणात तोडतात. हा शोध महत्त्वाचा आणि खराच होता. त्यातून निघालेला अर्थ मात्र युद्धभाषेत सहज बसणारा होता : कर्करोगाची पेशी हा शत्रू, विकर हे त्याचे शस्त्र आणि शस्त्र काढून घेतले की शत्रू हतबल. १९९० च्या दशकात बॅटिमास्टॅट, मारिमास्टॅट यांसारखी विकररोधक औषधे मोठ्या अपेक्षेने चाचण्यांत उतरली. अनेक प्रकारच्या कर्करोगांत त्यांचा उपयोग झाला नाही. रुग्णांना सांधेदुखी आणि स्नायूंचा ताठरपणा यांचा त्रास झाला, तो इतका की काहींना मात्रा कमी करावी लागली. टॅनोमास्टॅट या औषधाची एक चाचणी रुग्णांची स्थिती अधिक बिघडत असल्याने थांबवावी लागली.

अपयशाची कारणे नंतर एकेक करून पुढे आली. पहिले कारण काळाचे. विकरे मुख्यतः आरंभीच्या टप्प्यात निर्णायक असतात आणि औषधे दिली गेली ती बहुधा आधीच दूरवर पसरलेल्या आजारात. दुसरे कारण स्रोताचे. गाठीभोवती सापडणारी बरीचशी विकरे कर्करोगाच्या पेशी तयार करीतच नाहीत. त्या भोवतालच्या निरोगी तंतुजनक पेशींना आणि दाहाच्या पेशींना ती तयार करण्याचे संकेत देतात. शस्त्र बाहेरून आलेले नसते, ते घरातलेच असते. तिसरे कारण अधिक धक्कादायक होते. २००३ मध्ये स्पेनमधील कार्लोस लोपेझ-ओतिन यांच्या गटाने एमएमपी-८ हे विकर नसलेले उंदीर तयार केले. त्वचेच्या गाठी कमी होतील अशी अपेक्षा ठेवावी, तर नर उंदरांमध्ये त्या वाढल्या. हे ऊतिविघटक विकर त्वचेचे कर्करोगापासून रक्षण करीत होते, कारण दाह योग्य वेळी शमवण्यात त्याचा वाटा होता. सर्व विकरांना एकाच वेळी रोखणाऱ्या औषधाने रक्षकांनाही रोखले होते. त्याच वर्षी कातारीना वोल्फ आणि पीटर फ्रिडल यांच्या प्रयोगांत असेही दिसले की विकरे रोखली असता काही कर्करोगपेशी आकार बदलतात आणि अमिबाप्रमाणे तंतूंच्या फटींतून सरकत जातात.

याउलट बाजूने बेसल पेशींचा कर्करोग पाहावा. तो भोवतालची ऊती, प्रसंगी नाक किंवा पापणीसुद्धा, पोखरून टाकतो. म्हणून जुन्या इंग्रजी वैद्यकाने त्याला कुरतडणाऱ्या प्राण्याचे नाव दिले होते. ऊती तोडण्याची क्षमता त्याच्यात भरपूर आहे, तरीही तो दूरच्या अवयवांत क्वचितच जातो. म्हणजे वाट मोकळी करणे आणि प्रवास करून दुसरीकडे रुजणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच बीज आणि माती यांचे रूपक वापरून हे सुचवले होते. बीज कुठेही पडले तरी अनुकूल मातीतच उगवते. बीज आणि क्षेत्र यांची जोडी भारतीय परंपरेला अतिशय परिचित आहे. आक्रमणाच्या रूपकापेक्षा ते या विषयाला अधिक न्याय देते, कारण त्यात रोगपेशी आणि तिचे स्थान या दोहोंना कर्तृत्व आहे.

दूर पसरण्याच्या क्रियेला युरोपीय वैद्यक ‘मेटास्टॅसिस’ म्हणते. हा शब्द मूळचा वक्तृत्वशास्त्राचा आहे. मुद्दा किंवा दोष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकवण्याला ग्रीक-रोमन अलंकारविचारात हे नाव होते. कर्करोगाच्या संदर्भात तो फ्रेंच वैद्य रेकामिए यांनी १८२९ मध्ये योजला. सुश्रुतसंहितेत आधीच्या अर्बुदावर उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला ‘अध्यर्बुद’ असा शब्द आहे. त्याची आधुनिक संकल्पनेशी सरळ बरोबरी करणे योग्य होणार नाही. परंतु एक परंपरा स्थान बदलण्यावर भर देते आणि दुसरी एकावर दुसरे उगवण्यावर, हा फरक नोंदण्याजोगा आहे.

६. जबलपूरमधून पाहिलेली परिभाषा

‘एन्झाइम’ हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात घडवला. खमिरातील, असा त्याचा अर्थ. हिंदीत कधीकधी वापरला जाणारा ‘प्रकिण्व’ हा शब्द त्याच अर्थाचा अनुवाद आहे, कारण किण्व म्हणजे मद्य आंबवण्याचे द्रव्य आणि तो शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येतो. मराठीत काही ठिकाणी ‘वितंचक’ असा शब्द आढळतो, मराठी विश्वकोशाने ‘एंझाइम’ ठेवला आणि शालेय पुस्तकांनी ‘विकर’ रूढ केला. विकर हा शब्द उगम सांगत नाही, कार्य सांगतो : बदल घडवणारे. त्याच्यात आणि ‘विकार’ या शब्दात केवळ एका कान्याचे अंतर आहे. विद्यार्थ्याला ते अंतर मुद्रणदोषाचे वाटू शकते. मात्र लेखाच्या आधीच्या भागात पाहिलेली वस्तुस्थिती, म्हणजे घडवणारे द्रव्य आणि बिघाड यांच्यातील अंतर प्रमाणाचे आहे, ही या एका कान्यात योगायोगाने उतरली आहे.

मराठी-हिंदीच्या सीमेवर अधिक गंभीर अडचण ‘पेशी’ या शब्दाची आहे. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा मूलघटक. हिंदीत त्याला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ हा शब्द स्नायूसाठी वापरतात. मराठीतील ‘स्नायू’ हिंदीत गेला की त्याचा अर्थ कधी अस्थिबंध, तर कधी मज्जातंतू असा होतो. शिवाय बोलीतील हिंदीत ‘पेशी’ म्हणजे न्यायालयातील तारीख. उच्च न्यायालय असलेल्या जबलपूर शहरात हाच अर्थ सर्वांत आधी मनात येतो. मराठी पुस्तकात ‘पेशी खाली उतरल्या’ असे वाचलेल्या मुलाने ते वाक्य हिंदी बोलणाऱ्या परिचारिकेपुढे उच्चारले, तर तिला मांस झडल्याचा बोध होण्याची शक्यता आहे. ‘नाडी’ची गत अशीच आहे. मराठीत परकराची नाडी आणि हाताची नाडी एकच. हिंदीत पहिला ‘नाड़ा’ आणि दुसरी ‘नाड़ी’. वैद्याने नाडीविषयी विचारले असता मराठी वृद्धेने कमरेकडे बोट दाखवले, तर तो अज्ञानाचा नव्हे, भाषेचा परिणाम होय.

याउलट ‘गाठ’ हा शब्द दोन्ही भाषांना जोडतो. मराठी गाठ आणि हिंदी गाँठ या दोहोंचे दोन्ही अर्थ समान आहेत : वस्त्राची गाठ आणि शरीरातील गाठ. संस्कृत ‘ग्रंथी’तही हे दोन्ही अर्थ आहेत आणि ‘ग्रंथ’ हा शब्द त्याच धातूतून आला आहे. वरील वृत्तांतातील दुसऱ्या स्त्रीच्या आजाराचा सारा मार्ग एकाच मराठी शब्दात सांगता येतो. लुगड्याच्या गाठीखाली जखम झाली, जखमेची गाठ झाली आणि तेथून जांघेत गाठ आली. वैद्यकीय परिभाषा घडवताना अशा शब्दांचा उपयोग पुरेसा झालेला नाही.

१९५६ पूर्वीच्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. डॉ. रघुवीर १९४६ मध्ये लाहोरहून नागपूरला आले आणि त्यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषानिर्मितीचे मोठे कार्य तेथे झाले. दोन्ही भाषांना समान वैज्ञानिक शब्द मिळावेत अशी शक्यता त्या काळात निर्माण झाली होती. राज्यपुनर्रचनेनंतर मराठी आणि हिंदी परिभाषा वेगवेगळ्या संस्थांच्या हाती गेल्या. मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विश्वविद्यालयाची स्थापना २०११ मध्ये जबलपूरमध्ये झाली. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये राज्याच्या हिंदी माध्यमातील वैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ झाला, तेव्हा प्रथम वर्षाची शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र ही तीन पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत वाक्ये हिंदी आणि पारिभाषिक संज्ञा बव्हंशी इंग्रजी, फक्त देवनागरी लिपीत, अशी पद्धत स्वीकारण्यात आली. तिच्यावर टीका झाली, थट्टाही झाली. तथापि या पद्धतीचा एक लाभ सीमावर्ती मराठी भाषकाला होतो. ‘सेल’ आणि ‘एंजाइम’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच राहतात आणि ‘पेशी’मुळे होणारा घोटाळा टळतो. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. लिप्यंतरित शब्द डॉक्टरांना आपसांत पुरतो, रुग्णाला काही सांगत नाही.

७. समारोप

ऊतिविघटक विकरांच्या अभ्यासातून तीन निष्कर्ष हाती येतात. एक, त्वचेच्या कर्करोगात निर्णायक ठरते ती रुंदी नव्हे, खोली, आणि ती खोली आधारपटल भेदणाऱ्या विकरांशी निगडित आहे. दोन, ही विकरे शरीराला परकी नाहीत. बेडकाच्या पिलाची शेपटी आणि भरणारी जखम या ठिकाणी जे काम ती योग्य वेळी थांबवतात, तेच काम न थांबणे हा रोगाचा एक भाग आहे. तीन, त्यांना शत्रूचे शस्त्र मानणारे रूपक अपुरे ठरले आणि त्या अपुरेपणाची किंमत औषधचाचण्यांतील रुग्णांनी मोजली. आज संशोधनाचा रोख सर्व विकरे रोखण्याकडे नाही. कोणते विकर, कोणत्या ऊतीत, कोणत्या टप्प्यावर, असे प्रश्न विचारले जातात. भाषांतराच्या अभ्यासकाला हा क्रम ओळखीचा वाटेल, कारण शब्दाचा अर्थही त्याच्या जागेवाचून आणि वेळेवाचून ठरत नाही.

उपयोगाच्या दृष्टीने सांगण्याची गोष्ट त्यामानाने साधी आहे. कमरेवर गाठीच्या किंवा नाडीच्या जागी त्वचेचा रंग उडाला, ती काळवंडली, सोलवटू लागली, तर बांधणी सैल करावी आणि जागा बदलावी. तेथील जखम काही आठवड्यांत भरली नाही तर मलमांवर न थांबता तिचा तुकडा तपासून घ्यावा. पटल भेदले जाण्यापूर्वी निदान झाले तर उपाय बहुधा छोट्या शस्त्रक्रियेचा असतो. हे सांगण्यासाठी विकर, प्रकिण्व किंवा एंजाइम यांपैकी कोणताही शब्द लागत नाही. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर समजणारा ‘गाठ’ हा एक शब्द पुरेसा आहे. तो शब्द वैद्यकाच्या वर्गात आणि दवाखान्याच्या भिंतीवर आणणे हे काम मात्र केवळ डॉक्टरांचे नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांचेही ते काम आहे.